मोठा सेनापती कोणाला म्हणावे?

लढाईच्या गोष्टी ऐकायला कोणाला आवडत नाहीत? पारावर, चावडीवर चार माणसे जमली आणि लढाईचा विषय निघाला, की वाद ठरलेला. एक म्हणतो, अमका सेनापती सगळ्यांत मोठा. दुसरा म्हणतो, छे, तमका मोठा. पहिला विचारतो, तुझ्या सेनापतीने लढाया किती जिंकल्या? दुसरा विचारतो, तुझ्याने मुलूख किती घेतला? आवाज चढतात. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा सेनापती मोठा ठरतो आणि मंडळी घरी जातात.

आज आम्ही या वादाबद्दलच बोलणार आहोत. सेनापतीचा मोठेपणा मोजायचा कसा? त्याला माप कोणते लावायचे?

आपण बाजारात बैल घ्यायला जातो. विकणाऱ्याने शिंगे रंगवलेली असतात, पाठीवर झूल घातलेली असते. ती झूल बघून आपण पैसे मोजतो का? नाही. आपण दात बघतो, खांदा बघतो, खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. शक्य असेल तर औताला जुंपून बघतो. सेनापतीच्या छातीवरची पदके ही झूलच आहे. चौकातला पुतळा हीसुद्धा झूलच. ती उचलून खाली काय आहे ते बघितले पाहिजे.

नुसत्या बोलण्याने हे कळणार नाही. म्हणून एक खरा दाखला घेऊ. दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झाले. ते युद्ध आपल्या देशाच्या पूर्व सीमेवर येऊन ठेपले होते. ब्रह्मदेशात, म्हणजे आज ज्याला म्यानमार म्हणतात त्या देशात, आणि आपल्या मणिपूर व नागा डोंगरांत मोठी लढाई झाली. तिथे दोन सेनापती एकमेकांसमोर उभे होते. एक इंग्रज, त्याचे नाव विल्यम स्लिम. दुसरा जपानी, त्याचे नाव रेन्या मुतागुची. जंगल तेच, डोंगर तेच, पाऊस तोच. दोघांना एका तराजूत घालून बघायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आणखी एक कारण आहे. स्लिमच्या सेनेत बहुतेक सैनिक हिंदी होते. त्यांत मराठा पलटणीचे लोकही होते. म्हणजे या हिशेबात आपल्या घरची माणसे आहेत.

आधी दोघांची ओळख करून घेऊ.

स्लिमचा जन्म १८९१ साली इंग्लंडात ब्रिस्टल शहरात झाला. बाप लोखंडी सामानाचा लहानसा व्यापारी. घरात पैसा बेताचा. स्लिमने काही दिवस शाळेत मुलांना शिकवले, मग कारखान्याच्या कचेरीत कारकुनी केली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा तो फौजेत गेला. पुढे हिंदुस्थानच्या फौजेत आला आणि गुरखा पलटणीत राहिला. तो आपल्या शिपायांशी उर्दूत आणि गुरखाली भाषेत बोलू शके. पगार पुरेना, म्हणून टोपणनावाने गोष्टी लिहून चार पैसे मिळवी.

मुतागुची हा पहिल्यापासून नावाजलेला सेनानी. १९३७ साली पेकिंगजवळच्या एका पुलावर चकमक झाली आणि चीन-जपान युद्ध पेटले. त्या चकमकीत जपानी पलटण मुतागुचीच्याच हाताखाली होती. पुढे मलाया आणि सिंगापूर जपान्यांनी घेतले. सिंगापूर पडले १५ फेब्रुवारी १९४२ रोजी. त्या मोहिमेतही मुतागुची एका डिव्हिजनचा, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या दळाचा, सेनापती होता.

आता १९४२ सालात जाऊन बघा. मार्च महिन्यात जपान्यांनी रंगून घेतले. त्याच महिन्यात स्लिमला ब्रह्मदेशात लढणाऱ्या कोअरचा, म्हणजे फौजेच्या मोठ्या भागाचा, प्रमुख नेमले. फौज हरलेली, विमाने जवळजवळ नाहीत, रसद तुटलेली. रसद म्हणजे फौजेला लागणारा शिधा, दारूगोळा, औषधे. माघार घेण्यावाचून इलाज नव्हता. सुमारे नऊशे मैल ती फौज मागे मागे हटत आली. त्याच वाटांनी ब्रह्मदेशात पोटासाठी गेलेले लाखो हिंदी लोक बायकामुलांसह पायी परत येत होते. हजारो वाटेतच मेले. मे महिन्यात पावसाच्या तोंडावर फौज मणिपुरात पोचली. अंगावर चिंध्या, पायांत फोड, निम्मे लोक तापाने फणफणलेले. पण शिपायांनी खांद्यावरच्या बंदुका टाकल्या नव्हत्या. रांगाही मोडल्या नव्हत्या. स्लिम रस्त्याच्या कडेला उभा राहून आपल्या पिछाडीचे लोक बघत होता.

त्या दिवशी पारावर वाद झाला असता, तर मोठा सेनापती कोण ठरला असता? मुतागुची. त्याच्या नावावर विजय होते. स्लिमच्या नावावर नऊशे मैलांची पळापळ होती. नुसत्या जयापजयाचे माप कसे फसवे असते ते इथे दिसते. अजून पेरणीच झाली नव्हती आणि लोक पिकाची आणेवारी लावत होते.

हरलेला स्लिम मणिपूरच्या पावसात बसून काय करत होता? आपण का हरलो, याचा तो हिशेब मांडत होता. माझे काय चुकले, शत्रूचे काय बरोबर होते, शिपायाला कशाची भीती वाटली, असे एकेक प्रश्न तो स्वतःला विचारत होता.

१९४३ च्या ऑक्टोबरात त्याच्याकडे सगळी पूर्वेकडची सेना आली. तिला चौदावी सेना म्हणत. लोक तिला 'विसरलेली सेना' म्हणत, कारण चांगले सामान आधी युरोपच्या युद्धाकडे जाई आणि उरलेसुरले इकडे येई. स्लिमने पाहिले तर आपल्या सेनेचा पहिला शत्रू जपानी नाहीच. पहिला शत्रू डास आहे. १९४३ साली जखमी होऊन मागे पाठवावा लागणारा शिपाई एक असेल, तर आजारी पडून मागे जाणारे एकशे वीस होते. एकाला एकशे वीस! हिवताप, जुलाब, अंगावरचे फोड यांनीच सेना संपत चालली होती.

हिवतापावर मेपाक्रीन नावाची पिवळी गोळी होती. रोज घेतली तर ताप येत नसे. पण शिपाई ती तोंडात धरून नंतर थुंकून टाकीत. कोणीतरी कंडी पिकवली होती की या गोळीने पुरुषत्व जाते. आपल्याकडे देवी टोचायला आले की लोक कसे पळत, ते जुन्या माणसांकडून आपण ऐकले आहे. तसलाच प्रकार.

स्लिमने शिपायांना फटके मारले नाहीत. त्याने वरच्या अधिकाऱ्यांना धरले. अचानक एखाद्या पलटणीत जायचे आणि सगळ्यांचे रक्त तपासायचे. शंभरातल्या पंचाण्णवांच्या रक्तात गोळी सापडली नाही, तर त्या पलटणीच्या प्रमुखाला घरी बसवायचे. त्याने तीन प्रमुख काढले. चौथा काढायची पाळी आली नाही. शिवाय आजाऱ्याला शेकडो मैल दूर इस्पितळात पाठवण्याऐवजी रणांगणाच्या जवळच उपचाराच्या जागा उघडल्या. त्यामुळे माणूस काही आठवड्यांत बरा होऊन परत येऊ लागला. दोन वर्षांत आजाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे खाली आली.

पुढच्या ओळीतल्या एखाद्या दळाला अर्ध्या शिध्यावर राहावे लागले, की स्लिम आपल्या मुख्य ठाण्यावरही अर्धाच शिधा लावी. म्हणजे कचेरीत नकाशे काढणारा अधिकारीही अर्धपोटी. गंमत बघा, मग शिधा पुढे पोचवण्याची तजवीज कशी झटपट होई! ज्याच्या पोटात आग पडते त्यालाच दुसऱ्याची भूक लवकर कळते.

जंगलात रस्ते नव्हते. विमानातून शिधा टाकायचा, तर त्याला छत्री लागते. ती छत्री रेशमी कापडाची, आणि रेशीम मिळेना. स्लिमच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना विचारले. महिन्याभरात तागाच्या छत्र्या तयार झाल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून जास्त पडत. तागाची छत्री एका पौंडाच्या जरा वर पडे. आपण ज्या तागाची पोती करतो, त्या तागाने सेनेचे पोट भरले.

मंडळी, ही पिठामिठाची गोष्ट आहे. पोवाड्यात ती येत नाही. पण शहाणा सेनापती पहिल्यांदा हीच गोष्ट बघतो. आपल्याकडे हे नवीन नाही. शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचे ते पत्र. चिपळूणकडे लष्कराची छावणी होती, तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिले. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणागवत आताच उधळू नका, नाही तर भर पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. इतकेच काय, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, हेही त्यांत आहे. एवढा मोठा राजा, पण उंदराची आणि वातीची काळजी करतो. आमच्या मते मोठेपणाची पहिली खूण हीच. सेनापतीला आपल्या शिपायाच्या भाकरीची आणि गरीब रयतेच्या कणगीची किती काळजी आहे, ते आधी बघा.

आता पलीकडे जपान्यांकडे जाऊ.

मुतागुची १९४३ साली ब्रह्मदेशातल्या जपानी पंधराव्या सेनेचा प्रमुख झाला. त्याच्या मनाने घेतले की मणिपुरातले इंफाळ घ्यायचे आणि हिंदुस्थानात शिरायचे. मध्ये चिंदविन नदी, पुढे उंच डोंगर, घनदाट रान. वाटा म्हणजे पायवाटा. त्याच्याच मुख्य सल्लागाराने सांगितले, साहेब, यात रसद पोचणार नाही. मुतागुचीने त्या सल्लागारालाच बदलून टाकले.

८ मार्च १९४४ रोजी मोहीम सुरू झाली. तीन डिव्हिजन, सुमारे पंच्याऐंशी हजार माणसे. बरोबर शिधा किती? सुमारे तीन आठवड्यांचा! पुढे काय खायचे? इंग्रजांची कोठारे लुटायची आणि खायचे. बरोबर हजारो गुरे हाकत न्यायची आणि लागतील तशी कापायची. चंगीझखानाच्या फौजा असेच करीत, असा दाखला. पण चंगीझखानाची गुरे माळरानावरची होती. ही गुरे चिंदविन नदीत वाहून गेली, कड्यावरून कोसळली, रानात उपाशी मेली. शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने आधीच सांगितले असते की ओझे लादलेला बैल असल्या चढणीवर टिकणार नाही.

स्लिमला शत्रू येणार हे कळले होते. त्याने काय ठरवले? पुढे जाऊन चिंदविनवर लढायचे नाही. आपणच मागे इंफाळच्या सपाटीवर यायचे. तिथे आपली विमाने उतरतात, कोठारे जवळ आहेत. शत्रूला डोंगर ओलांडून दमू द्यायचे. मग पाऊस येईल. उपाशी शत्रू आणि पोटभर जेवलेले आपले शिपाई, अशी गाठ पडू द्यायची.

लढाई न देता मागे येणे हे लोकांना पळपुटेपणाचे वाटते. तसे बोलणारे तेव्हाही होते. पण नावासाठी शिपाई मारायचे नाहीत, एवढा धीर त्याच्याजवळ होता.

सगळे काही त्याच्या मनासारखे झाले नाही. त्याच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. पुढच्या डिव्हिजनला मागे बोलवायला उशीर झाला. आणि कोहिमाच्या कठीण डोंगरातून शत्रूची एखादी पलटण येईल, फार नाही, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात सातो नावाच्या सेनापतीची अख्खी डिव्हिजनच तिथे येऊन धडकली.

इथे आपल्या लोकांची गोष्ट येते. कोहिमाकडे आणि इंफाळकडे जाणाऱ्या वाटेवर सांगशाक नावाचे नागा खेडे आहे. १९४४ च्या मार्चच्या शेवटच्या दिवसांत तिथे एका लहान ब्रिगेडने जपान्यांची वाट अडवली. त्यात मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. टेकडीवर पाणी जवळजवळ नव्हते. खाली खडक, म्हणून खोल खंदक खणता येत नव्हते. विमानातून टाकलेले सामान वाऱ्याने शत्रूकडे जाई. तरी ते लोक झुंजले आणि २६ मार्चच्या रात्री हुकूम आल्यावरच मागे फिरले. त्या दिवसांच्या खोळंब्याने इंफाळ व कोहिमा सावरायला वेळ मिळाला. पुढे स्लिमने त्या ब्रिगेडची लेखी तारीफ केली. सेनापतीची चूक शिपायांनी आपल्या रक्ताने भरून काढली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कोहिमाला एप्रिलमध्ये वेढा पडला. आत लढणारे फार तर दीड हजार, बाहेर हजारो. तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याला लागून टेनिस खेळायचे पटांगण होते. त्याच्या एका कडेला इंग्रज आणि हिंदी, दुसऱ्या कडेला जपानी. एवढ्याशा अंतरावरून दिवसचे दिवस बॉम्ब फेकले जात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मदत पोचली. इंफाळचा वेढा मात्र २२ जूनपर्यंत चालला. आत सुमारे दीड लाख माणसे होती. त्यांना विमानांनी जगवले. न लढणारी चाळीस हजारांहून जास्त माणसे विमानांनीच बाहेर काढली, म्हणजे खाणारी तोंडे कमी झाली.

आणि जपानी शिपाई? तीन आठवडे संपले. कोठारे हाती लागली नाहीत. नागा लोकांच्या घरांतले भातही संपले. पाऊस सुरू झाला. सातो वर तारांमागून तारा करीत होता, शिधा पाठवा, दारूगोळा पाठवा. येत काहीच नव्हते. मेअखेर सातोने वरचा हुकूम मोडला आणि आपली उरलेली माणसे मागे फिरवली. जपानी सैन्यात असा हुकूम मोडणे म्हणजे भयंकर गोष्ट. मुतागुचीने त्याला काढले. इतर दोन डिव्हिजनच्या सेनापतींनाही काढले. एकाच मोहिमेत तिन्ही सेनापती गेले. सातो म्हणत होता, माझ्यावर खटला चालवा, मी सगळे सांगतो. खटला झाला नाही. त्याचे डोके ठिकाणावर नाही, असे ठरवून विषय मिटवला गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट ऐका. मुतागुचीचा वरिष्ठ कावाबे त्याला भेटायला आला. मोहीम फसली हे दोघांनाही कळले होते. पण 'आता मागे फिरू या' हे शब्द आधी कोणी उच्चारायचे? मुतागुचीने पुढे सांगितले की, माझ्या चेहऱ्यावरून कावाबे ओळखेल असे मला वाटले. कावाबेने विचारले नाही. मुतागुचीने सांगितले नाही. दोघे गप्प बसले. माघारीचा हुकूम सुटायला जुलै उजाडला. तो एक महिना रानात, पावसात, उपाशीपोटी शिपाई मरत राहिले. दोन मोठ्या माणसांची लाज राखायला किती माणसे मेली असतील, याचा विचार करा.

मोठेपणाची दुसरी खूण आम्हाला इथे दिसते. वाईट बातमी सांगणाऱ्याला सेनापती काय करतो? जवळ बसवून ऐकतो, की हाकलून देतो? घराचा कर्तासुद्धा असाच ओळखावा. कर्ज झाले, पीक गेले हे सांगायला मुलगा घाबरत असेल, तर त्या घराचे काही खरे नाही.

आता हिशेब. त्या मोहिमेत सुमारे तीस हजार जपानी शिपाई मेले, आणि गोळीपेक्षा भुकेने व रोगाने मेलेले जास्त. ज्या वाटेने ते मागे गेले, तिला त्यांच्याच लोकांनी हाडांचा रस्ता असे नाव दिले. स्लिमच्या बाजूचे मेलेले, जखमी व हरवलेले मिळून सुमारे साडेसोळा हजार.

पुढच्या वर्षी स्लिमने ब्रह्मदेश परत घेतला. १९४५ च्या सुरुवातीला इरावती नदीवर त्याने शत्रूला फसवले. सेनेचा एक मोठा भाग गुपचूप शेकडो मैल दक्षिणेकडे नेला आणि जुन्या जागी खोटे ठाणे ठेवून तिथून बिनतारी संदेश चालू ठेवले. शत्रू मंडालेकडे बघत राहिला आणि स्लिमच्या लोकांनी मार्चमध्ये पाठीमागचे मेक्तिला हे कोठारांचे गाव घेतले. ३ मे १९४५ रोजी रंगून हाती आले. तीन वर्षांपूर्वी याच मुलखातून तो हरून निघाला होता.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झाले, स्लिम मोठा आणि मुतागुची खोटा. पण मंडळी, घाई करू नका. खऱ्या पंचाने दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

पहिली गोष्ट, स्लिमजवळ विमाने होती. १९४४ मध्ये आकाश त्याच्या बाजूचे होते. मुतागुचीला तसे पाठबळ नव्हते. स्लिमला १९४२ मध्ये विमाने नव्हती, तेव्हा तोही हरला होता. म्हणजे सेनापतीच्या यशात इतरांचा वाटा मोठा असतो.

दुसरी गोष्ट, हे युद्ध कोणाचे होते? त्या वेळी आपला देश पारतंत्र्यात होता. १९४२ मध्ये इकडे 'चले जाव'चा लढा चालू होता. इंफाळच्या मोहिमेत नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या आझाद हिंद सेनेचे शिपाई जपान्यांच्या बाजूने आले होते, आपला देश मोकळा करायला. म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसे होती, आणि मुतागुचीच्या रिकाम्या शिधापोत्यांचा फटका आझाद हिंदच्या शिपायांनाही बसला. तेही उपाशी राहिले, तापाने मेले. आणखी एक. १९४३ साली चौदाव्या सेनेच्या पाठीमागेच बंगालात भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. तो दोष स्लिमच्या माथी मारता येत नाही, तो राज्य चालवणाऱ्यांचा. पण सेनापती चांगला निघाला म्हणून सरकारचे पाप धुतले जात नाही. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेत.

तिसरी गोष्ट सातोची. स्लिमने त्याला अगदी कमी दर्जाचा सेनापती ठरवले. का? तर सातोने कोहिमाला अडून न बसता पुढे दिमापूरवर जायला हवे होते. तिथे रेल्वे होती, मोठी कोठारे होती. पण पुढे जपान्यांकडची हकीगत बाहेर आली. मुतागुचीला सातोने दिमापूरवर जावे असे वाटत होते, पण वरिष्ठांनीच ती परवानगी दिली नाही. आणि माघारी नेलेली सातोची माणसे? त्यांतली जी घरी पोचली, ती त्याने हुकूम मोडला म्हणून पोचली. तेव्हा सातो लहान की मोठा? स्लिमसारखा जाणताही एका बाजूचे कागद बघून निवाडा देत होता. आपण तर पारावर बसून देतो!

मग आमचा निवाडा काय? आम्ही स्लिमला मोठा म्हणतो, पण जिंकला म्हणून नाही. कारण तिसरी खूण अजून सांगायची आहे. युद्धानंतर १९५६ साली त्याने आपल्या मोहिमेचे पुस्तक लिहिले. त्यात त्याने आपल्या चुका एकेक करून स्वतःच्या नावावर मांडल्या. कोहिमाचा अंदाज माझा चुकला, डिव्हिजनला मागे बोलवायला उशीर माझ्याकडून झाला, असे त्याने स्पष्ट लिहिले. यशाच्या वेळी मात्र तो शिपायांकडे, विमानवाल्यांकडे, रस्ते बांधणाऱ्यांकडे बोट दाखवतो. उलट मुतागुची १९६६ साली मेला, तोवर दोष हाताखालच्यांचा, हेच त्याने धरून ठेवले.

तेव्हा लढाईचे पुढचे पुस्तक हाती घ्याल, तेव्हा किती लढाया जिंकल्या हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, याच्या शिपायांना भाकरी मिळाली का? ज्या गावांतून फौज गेली त्या गावांचे काय झाले? वाईट बातमी आणणाऱ्याला याने काय केले? जो मुलूख घेतला, त्यासाठी माणसे किती खर्ची पडली, आणि तेवढी पडायला हवी होती का? चूक झाली तेव्हा ती कोणाच्या नावावर मांडली? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतील, तर ते पुस्तक झूल दाखवते आहे, बैल दाखवत नाही, असे समजा.

कोहिमाच्या त्या टेनिसच्या पटांगणाभोवती आज लढाईत मेलेल्यांच्या समाध्या आहेत. ज्या हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला, त्यांची नावे तिथेच एका वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. सेनापतींचे पुतळे शहरांत असतात, शिपायांची नावे अशा डोंगरावर असतात. आता तुम्हाला वाचता येते. कधी त्या बाजूला जाणे झाले, तर ती नावे वाचा. सेनापतीचा हिशेब तिथे लिहिलेला आहे.